वाचनालयात नसलेला व्हिडिओ

सोमवारी सकाळी साडेनऊला बहुलेकर वकील वाचनालयात मागच्या दाराने आले. मागचं दार म्हणजे पाण्याचा जार आणि रद्दीवाला यांचं. वकिलांच्या हातात जेवणाच्या डब्याची पिशवी होती. त्यांनी आधी डावी-उजवीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग डबा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या खालून दोन पुस्तकं काढून माझ्यापुढे पालथी ठेवली.

“एवढं मिटवून टाका,” ते हळू आवाजात म्हणाले. “गुळवणींना सांगा, प्रकरण वाढवण्यात कुणाचंच हित नाही. इतक्या वर्षांची ओळख आहे आमची.”

मी पुस्तकं सरळ केली. दोन्हींवर आमचा शिक्का होता आणि एकाच्या मागच्या चिठ्ठीवर परत करायची जी तारीख होती, ती माझ्या बारशाच्या आधीची होती. कसलं प्रकरण, असं मी विचारलं, तर वकिलांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, डोळ्यांनीच छताला लावलेला कॅमेरा दाखवला आणि आले तसे मागच्या दाराने निघून गेले. डबा टेबलावरच राहिला.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात, विद्यावर्धिनी सार्वजनिक वाचनालयात सहायक म्हणून काम करत होते. ग्रंथपाल होते वसंतराव गुळवणी. सगळं गाव त्यांना गुळवणी काका म्हणायचं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच खुर्चीत काढली होती, आणि त्यांच्याइतका भिडस्त माणूस मी अजून पाहिलेला नाही. मला ते ‘अहो तोडकरबाई’ म्हणत. वाचनालयात एक मांजर येऊन बसायचं, त्यालाही ते ‘सरका जरा’ म्हणत. पुस्तक बुडवलेला सभासद बाजारात समोरून येताना दिसला की तोंड चुकवायचे ते काकाच, जसं काही पुस्तक त्यांनीच त्याच्याकडून आणलं होतं.

त्या महिन्याच्या तीस तारखेला काका निवृत्त होणार होते. त्याआधी चार्ज द्यायचा म्हणून आम्ही सगळ्या पुस्तकांची पडताळणी केली, तेव्हा एकशे त्रेचाळीस पुस्तकं कपाटांत सापडली नाहीत. आमचे कार्यवाह शामराव इनामदार. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, की सापडणार नाहीत तेवढी पुस्तकं ग्रंथपालाच्या हलगर्जीपणाने गहाळ झाली असं चार्जच्या अहवालात लिहिलं जाईल आणि तो अहवाल वार्षिक सभेत सगळ्यांसमोर वाचला जाईल.

 त्या दिवसापासून काकांनी दुपारचा डबा उघडणं बंद केलं. पुस्तकं कुठं आहेत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. एका दुपारी मी यादी वाचत गेले आणि ते पत्ता सांगत गेले. हे सराफांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे. हे यादव सरांच्या माळ्यावर. यातलं एक तर मुलीबरोबर लग्न होऊन हुबळीला गेलं आहे. मी म्हटलं, मग मागूया की. काकांनी यादीची घडी घातली आणि म्हणाले, “असं कसं मागायचं हो. त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

मला त्यांचा राग आला आणि नंतर गावाचा आला. पण रागावून पुस्तकं परत येत नाहीत.

आता त्या कॅमेऱ्याबद्दल. तो इनामदारांनी दोन महिन्यांपूर्वी बसवला होता आणि त्याखाली ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ अशी पाटी लावली होती. चित्रण साठवायचं यंत्र मात्र मागाहून येणार होतं, ते आलंच नाही. कॅमेऱ्याची वायर कपाटामागे उतरून तिथंच संपत होती. हे काका आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं; यंत्र येऊन बसलं असेल असं धरून इनामदारांनीही पुन्हा चौकशी केली नव्हती.

त्या सोमवारी अकरा वाजेपर्यंत आणखी चौघं येऊन गेले. शेवटी आले यादव सर, हायस्कुलातले निवृत्त पीटी शिक्षक. त्यांनी सात पुस्तकं टेबलावर रचली, टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं माझं. मुलाबाळांसमोर आब राहू दे एवढंच म्हणणं आहे.” मग त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला.

आमच्या वाचनालयाच्या फेसबुक खात्यावरून त्यांना निरोप आला होता. ‘हा तू आहेस का या व्हिडिओमध्ये? मी विश्वास नाही करू शकत.’ त्याखाली एक लिंक आणि डोळे विस्फारलेला चेहरा.

 ते खातं मीच उघडलं होतं. काकांच्या आग्रहावरून गावातल्या झाडून सगळ्या सभासदांना त्यात जोडून घेतलं होतं. आणि शनिवारी एका ओळखीच्या प्रकाशकाच्या खात्यावरून ‘ग्रंथप्रदर्शनाचे मोफत पास’ म्हणून लिंक आली, तेव्हा तिथं वाचनालयाचा पासवर्ड टाकणारीही मीच होते. प्रकाशकाचं खातं कुणीतरी हॅक केलं होतं आणि आता आमचं झालं होतं. रविवारी सुट्टीच्या दिवशी चोरट्याने आमच्या नावाने सगळ्यांना तो एकच निरोप धाडला होता.

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी तो पुसून टाकला असता. पण आमच्या गावाला त्यातल्या एका शब्दाने घाम फोडला. गुळवणी काकांनी ‘तू’ म्हटलं होतं. शेंबड्या पोराला अहो-जाहो करणारा माणूस वकिलाला आणि मास्तराला ‘तू’ म्हणतो, म्हणजे त्याच्या हाती काय लागलं असेल? वर कॅमेरा. लोकांनी दोन आणि दोन जोडले आणि रविवारी रात्री गावातले माळे उपसले गेले.

यादव सर गेल्यावर मी संगणकापुढे बसले. खातं परत मिळवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. पासवर्ड बदलला, चोरट्याला बाहेर काढलं. आता फक्त सूचना टाकायची राहिली होती: आमचं खातं हॅक झालं होतं, त्या निरोपाकडे लक्ष देऊ नका. मी ती लिहायला घेतली. शेजारी वकिलांची आणि यादव सरांची पुस्तकं होती. मी दोन शब्द लिहिले आणि पुसले.

काका पोस्टात गेले होते, ते थोड्याच वेळात आले. टेबलावरचा ढीग पाहून ते दारातच थबकले. मी झालं ते सांगितलं. पासचं सांगितलं, लिंकचं सांगितलं, निरोप वाचून दाखवला. काका मटकन खाली बसले.

“म्हणजे मी सगळ्यांना ‘तू’ म्हणालो?”

मी म्हटलं, तुम्ही नाही, चोराने म्हटलं. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. लगेच सगळ्यांना कळवा, क्षमा मागा, असं ते म्हणू लागले. तेव्हा मी तोंड शक्य तितकं सरळ ठेवून सांगितलं की खातं अडकलंय, कंपनीला कळवलंय, ते परत मिळायला तीन दिवस लागतात.

काकांनी खिशातून मोबाईल काढला. त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“तीन दिवस?”

“तीन दिवस.”

“मग काय इलाज आहे,” ते म्हणाले आणि मोबाईल खिशात ठेवून आलेली पुस्तकं यादीवर तपासायला बसले.

ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. पुस्तकं दुधाच्या पिशवीतून आली, शाळेच्या दप्तरातून आली, एक तर पहाटे कुणीतरी फाटकावरून आत टाकून गेलं. हुबळीहून कुरियर आलं. सराफांनी आपलं पुस्तक आणलं आणि गडबडीत सांगलीच्या दुसऱ्याच एका वाचनालयाचं एक देऊन गेले. ज्यांच्याकडे पुस्तक नव्हतं तेही आले. एका पेन्शनरांनी कबूल केलं की वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ब्लेडने कापून नेणारे तेच. विश्वकोशाच्या कपाटामागे बसणारा एक तरुण आला, कानापर्यंत लाल झालेला, आणि काकांना सांगा आम्ही दोघं लग्नच करणार आहोत असं म्हणून पळाला.

गंमत म्हणजे व्हिडिओचं नाव कुणी काढत नव्हतं. लिंक मात्र सगळ्यांनी दाबून पाहिली होती. तिथं खोटंच पान उघडायचं आणि पासवर्ड मागायचं. पण आमच्या सभासदांची खाती नातवंडांनी काढून दिलेली, पासवर्ड कुणाच्याच लक्षात नाही. त्या विसराळूपणाने गाव वाचलं. काका काय म्हणतात, असं जो तो मला विचारायचा. काका काही बोलले नाहीत, असं मी सांगायची. ते खरंच होतं आणि ते ऐकून माणूस आणखीच घाबरायचा.

बुधवारी संध्याकाळी इनामदारांचा ड्रायव्हर आला. त्याच्या हातात जरीच्या कापडात बांधलेलं काहीतरी मोठं होतं. साहेबांनी ठेवायला सांगितलंय, एवढं बोलून तो गेला. काकांनी गाठ सोडली आणि आत निघालं पक्ष्यांच्या चित्रांचं ते पुस्तक. संस्थानच्या काळात राजेसाहेबांनी वाचनालयाला भेट दिलेलं, प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. यादीतलं पहिलं नाव त्याचंच होतं. कार्यवाहांनी अकरा वर्षांपूर्वी ते दोन दिवसांसाठी नेलं होतं, आणि गहाळ पुस्तकांचा अहवाल लिहिणारे तेच कार्यवाह होते. काकांनी एकेक पान उलटून चित्रं मोजली. सगळी जागेवर होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ते कपाटाकडे वळले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

गुरुवारी घोरपडे वहिनी आल्या.

मालती घोरपडे म्हणजे आमच्या सगळ्यांत चोख सभासद. एक दिवस उशीर नाही, एक पान दुमडलेलं नाही. त्यांच्याकडे आमचं काहीच अडकलेलं नव्हतं. म्हणूनच, आपलं काय चुकलं असेल ते बघावं तरी, म्हणून त्यांनी मंगळवारी लिंक उघडली होती. आणि आख्ख्या गावात पासवर्ड पाठ असलेल्या त्या एकट्या. मग त्यांच्याही खात्यावरून तोच निरोप त्यांच्या सगळ्या नातलगांना गेला. बेळगावला विहीणबाईंना गेला. ‘हा तू आहेस का या व्हिडिओमध्ये?’ येत्या रविवारी तिथं वहिनींच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. विहीणबाईंनी कळवलं होतं की आम्हाला अरे-तुरे करणाऱ्यांनी आमच्या दारात येऊ नये.

“पहिलटकरीण आहे हो ती,” वहिनी म्हणाल्या. “कालपासून फोन उचलत नाही माझा.” आणि त्या वाचनकक्षातल्या बाकावर बसून सगळ्यांसमोर रडल्या.

 सोमवारी दोन ओळी टाकल्या असत्या तर हे झालंच नसतं. ते मी तिथंच, त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी नुसती उभी राहिले. लाज वाटत होती आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

काका पुढे आले. त्यांनी वहिनींना पाणी दिलं आणि हात जोडले.

“वहिनी, तुमची काही चूक नाही. आमचं खातं चोरीला गेलं होतं. सोमवारीच सगळ्यांना सावध करायला हवं होतं. उशीर माझ्याकडून झाला.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन दिवसांचं खोटं माझं, आणि हा माणूस भिडेपोटी ते अंगावर घेत होता. त्यांनी वहिनींकडून नंबर घेतला आणि बेळगावला फोन लावला. वीस मिनिटं ते विहीणबाईंशी बोलत होते, दर वाक्याला ‘आपण’ आणि ‘आपली क्षमा मागतो’. शेवटी विहीणबाईंनी वहिनींना तर यायला सांगितलंच, काकांनाही जेवायचं आमंत्रण दिलं.

वहिनी गेल्यावर काका माझ्याकडे वळले. “तोडकरबाई, सूचना लिहा.”

खातं अजून, असं मी पुटपुटले.

“आता मिळालं असेल. बघा तरी.”

मी पाहिल्यासारखं केलं आणि मिळालं म्हणून सांगितलं. काकांनी सूचना तोंडी सांगितली. खातं हॅक झालं होतं, लिंक उघडू नये, उघडली असल्यास पासवर्ड बदलावा, झालेल्या मनस्तापाबद्दल आणि एकेरी उल्लेखाबद्दल क्षमस्व. मग थांबून म्हणाले, “आणि लिहा, वाचनालयाकडे कोणाचाही व्हिडिओ नाही. कॅमेरा चालू नाही.” तेवढी शेवटची ओळ नको, अजून नऊ पुस्तकं यायची आहेत, असं मी अजिजीने म्हटलं. ते ओळ लिहून होईपर्यंत माझ्या खुर्चीमागून हलले नाहीत.

शुक्रवारी गाव चिडलं. बहुलेकर वकील पुढच्या दाराने आले, ही फसवणुकीची केस होऊ शकते असं बजावून आपला डबा घेऊन गेले. पेन्शनरांनी शब्दकोडं पुन्हा कापलं. चार वाजता इनामदारांची गाडी फाटकाशी लागली.

ते बसले नाहीत. “गुळवणी, ते पक्ष्यांचं पुस्तक आणा. माझं काम व्हायचंय अजून. मी सहज पाहायला म्हणून पाठवलं होतं.”

काका उभे राहिले. ते कपाटाकडे जाणार याबद्दल मला शंका नव्हती. एकतीस वर्षं ते असेच जात आले होते.

“नाही,” काका म्हणाले.

इनामदारांना ते कळलंच नाही. त्यांनी परत मागितलं.

“ते संदर्भाचं पुस्तक आहे साहेब. घरी नेता येत नाही. आपण इथं बसून पाहा, मी टेबल मोकळं करून देतो.” आवाज कापत होता, पण काका कपाटासमोरून बाजूला झाले नाहीत.

“मग तुमच्या चार्जच्या अहवालावर सही कशी होते बघतो मी.”

“नका करू. चार्ज पुरा होईपर्यंत ग्रंथपाल मीच. मी रोज येईन, मला घरी तरी काय काम आहे? आणि वार्षिक सभेत यादी वाचायची ठरली तर मी वाचेन. कोणतं पुस्तक कुठून परत आलं, तेही सगळं लिहून ठेवलंय.”

इनामदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाखल नोंदवही उघडून त्यात अतिशय बारकाईने काहीच पाहिलं नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा काका खुर्चीत बसले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. त्यांना दोन पेले लागले.

अठ्ठावीस तारखेला अहवाल सही होऊन आला. गहाळ नऊ, जुनी व जीर्ण. हलगर्जीपणाचा शब्दही नव्हता.

तीस तारखेला काकांनी मला चार्ज दिला. किल्ल्या दिल्या, नोंदवह्या दिल्या, शिक्के दिले. शेवटी मोबाईल पुढे केला. वाचनालयाच्या ईमेलचं खातं मुलाने त्यात घालून दिलं होतं, ते आता तुमच्याकडे हवं, माझ्याकडून काढून टाका, असं म्हणाले. मी ते काढायला घेतलं आणि सहज खाली सरकवत गेले. त्या सोमवारची एक मेल होती. तुमच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला आहे. वेळ, सकाळचे अकरा वाजून बारा मिनिटं. उघडून वाचलेली.

मी मान वर केली.

“तुम्हाला कळलं होतं.”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही म्हणालात, तीन दिवस लागतात.” काका चष्मा पुसू लागले. “माझ्या मनात आलं, लागू देत.”

“आणि घोरपडे वहिनींपुढे तुम्ही जे…”

“ते खरंच होतं, तोडकरबाई. उशीर माझाच. तुमचं वय होतं तसं करायचं. मी थांबवायला हवं होतं, आणि मला थांबवावंसं वाटलं नाही.”

 त्यांच्या भिडेची मी इतके दिवस कीव करत होते आणि भीड बाजूला ठेवून ते माझ्याबरोबर तीन दिवस तो खेळ खेळले होते. मी त्यांच्या पाया पडले. ते नको नको म्हणत मागे सरले. मग जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“एक विचारायचं होतं. आता मी साधा सभासद. ते पक्ष्यांचं पुस्तक दोन दिवस घरी नेलं तर चालेल का? कुणाला कळायचं नाही.”

काका ते पुस्तक जन्मात कुणाला फाडू देणार नाहीत, हे मला माहीत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, तेही माहीत होतं. किल्ल्या माझ्या हातात होत्या.

“नाही काका,” मी म्हटलं. “इथं बसून पाहा.”

काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मान डोलावली. मी टेबल मोकळं करून दिलं. ते खिडकीजवळ बसले आणि एकेक पक्षी सावकाश पाहत राहिले. सात वाजता मी त्यांच्यापाशी जाऊन सांगितलं की वाचनालयाची वेळ संपली. त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि मी कपाटाला कुलूप लावेपर्यंत तिथंच उभे राहिले.